खाद्यमहोत्सवाआधीची चाखणी: पहिल्या फेरीपासून अंतिम यादीपर्यंत

एका संध्याकाळी सहा हॉटेलं, सहा शेवभाज्या. तिसऱ्या ठिकाणी नाकातून पाणी, चौथ्या ठिकाणी जीभ बधीर, आणि सहाव्या ठिकाणचे गुण रात्री अकराला घरी बसून आठवून भरलेले. जळगावात एका महोत्सवाची यादी अशी ठरताना मी पाहिली आहे. पाहिली काय, त्या टेबलावर मीही होते. पुढे मैदानावर त्यातल्या दोन स्टॉलांपुढे अर्धवट टाकलेल्या द्रोणांचा ढीग लागला. भाजी काही वाईट नव्हती. मालकाने आमच्यासाठी स्वतः उभं राहून केलेली वाटीभर भाजी वेगळी आणि गर्दीत मोठ्या पातेल्यात पोऱ्याने केलेली भाजी वेगळी, एवढंच.

त्यानंतर दरवर्षी चाखणीला जाताना मी कागदाच्या डोक्यावर एकच प्रश्न लिहिते: रात्री नऊला, द्रोणात, तीनशेव्या माणसाला हे असंच मिळेल का? खालचे सगळे टप्पे त्या प्रश्नासाठी आहेत. क्रम मोडू नका. बहुतेक चुका चवीच्या नसतात, क्रमाच्या असतात.

१. हॉटेलांची यादी करण्याआधी मैदान मोजा

सागर पार्कसारखं मोकळं मैदान असेल तर तिथे काय चालणार आणि काय नाही, हे आधी लिहून काढा. किती स्टॉल? प्रत्येकाला गॅसची किती सिलिंडरं? काड्यांचा, गोवऱ्यांचा जाळ करू देणार आहेत का? पाण्याचा नळ किती अंतरावर? वाऱ्याला आडोसा आहे का? ही उत्तरं नसताना चाखायला गेलात, तर काड्यांवर भाजलेल्या वांग्याचं भरीत पसंत करून याल आणि मैदानावर जाळाला परवानगी नाही म्हणून तेच भरीत गॅसवर भाजलेलं मिळेल. तो पदार्थ तुम्ही चाखलेलाच नसेल.

मग द्रोण ठरवा. एका द्रोणात किती आणि केवढ्याला, हे हॉटेलवाल्याला पहिल्या भेटीत सांगता आलं पाहिजे. ताटभर वरण-बट्टी सगळेच चांगली देतात. दोन बट्ट्या, वाटीभर वरण आणि चमचाभर तूप ठरलेल्या भावात बसवायचं म्हटलं की खरी बोलणी सुरू होतात.

एकाच पदार्थाचे स्टॉल किती, तेही आत्ताच ठरवा. जळगावात किंवा धुळ्यात हे मोकळं सोडलं तर अर्धं मैदान शेवभाजीचं होतं. आम्ही तीनच्या वर जात नाही.

२. तारीख: पंचांग आणि थर्मामीटर दोन्ही बघा

महोत्सवाच्या तीन-चार आठवडे आधी चाखणी संपवा. तीन दिवस आधी चाखून काही बदलता येत नाही, तीन महिने आधी चाखलेलं टिकत नाही.

चाखणीचा दिवस निवडताना सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी, एकादशी बघून घ्या. पाचातले दोघे उपवासाला असले की उरलेल्या तिघांच्या जिभेवर यादी ठरते. चातुर्मासात बरीच घरं वांगं, कांदा, लसूण खात नाहीत आणि चंपाषष्ठीला वांग्याचं भरीत-रोडग्यांचा नैवेद्य झाल्यावरच वांगं परत घरात येतं. भरिताचं हिरवं वांगं तसंही थंडीतलं. महोत्सव डिसेंबरअखेर आणि चाखणी नोव्हेंबरअखेर असेल तर बाकी सगळं चाखा, पण भरीत चंपाषष्ठीनंतर वेगळं चाखा.

लग्नसराई विसरू नका. आपल्याकडचे नावाजलेले आचारी तिथीला हॉटेलात नसतात, चाळीसगाव-पाचोऱ्याकडे कुणाच्या तरी मांडवात असतात. एकदा आम्ही ज्यांच्या हातची भाजी पसंत केली ते वस्ताद ऐन महोत्सवाच्या दोन्ही दिवशी लग्नाच्या ऑर्डरवर होते. हे आम्हाला स्टॉल लागल्यावर कळलं.

उन्हाळ्यातला महोत्सव असेल तर चाखणी भर दुपारी एकदा तरी करा. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. त्या उन्हात दही, कढी, आमरस किती वेळ तग धरतात ते एसी हॉलमध्ये बसून कळत नाही.

३. माणसं पाच पुरे

पाचाच्या वर माणसं गेली की चाखणीची पंगत होते. निवडताना एवढं बघा: एक जण रोज घरी रांधणारा, एक लेवा पाटील घरातला, एक अहिराणी पट्ट्यातला (धुळे, अमळनेर, साक्री कुठलाही), एक जण तिखट कमी खाणारा, आणि एक जण ज्याने आयुष्यात कधीतरी शंभर माणसांचा स्वयंपाक सांभाळला आहे. तिखट कमी खाणारा लागतोच. महोत्सवाला पुण्या-नाशिकहून माहेरपणाला आलेल्या मुली, त्यांची पोरं येतात. आपल्याला जे 'मिडीयम' वाटतं ते त्यांच्यासाठी रडवणारं असतं.

ज्याचं हॉटेलवाल्याशी नातं, उधारी किंवा भांडण आहे, त्याने त्या हॉटेलापुरतं बाहेर राहायचं. गुटखा, तंबाखू खाणाऱ्याला घेऊ नका. वाईट वाटलं तरी चालेल. सर्दी झालेल्याने त्या दिवशी सुट्टी घ्यावी, कारण नाक बंद तर चव बंद. शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का ते प्रत्येकाला आधीच विचारा. आपल्याकडे दाण्याचा कूट कुठे नसतो?

४. पिशवीत काय न्यायचं

छापलेला गुणांचा कागद (माणशी, पदार्थागणिक वेगळा), पेनं, लहान वजनकाटा, स्वयंपाकाचा दांडीचा थर्मामीटर, महोत्सवात वापरणार तेच द्रोण, झाकणाचे एकसारखे स्टीलचे डबे, चिकटपट्टी, मार्कर, माणशी दोन चमचे. शिवाय घरून ताजं दही आणि ज्वारीची साधी भाकरी. ही भाकरी जेवायला नाही, जीभ पुसायला आहे.

दुपारी अत्तर, सेंट लावून येऊ नका. ज्याच्या शेजारी बसाल त्याला खमंग लसणाऐवजी मोगरा येतो.

५. दोन भेटी: आधी न सांगता, मग सांगून

सगळ्यात जास्त चूक इथे होते. समिती आधी फोन करते, 'आम्ही पाच जण चाखायला येतोय'. मालक गल्ल्यावरून उठून भट्टीपाशी जातो, भाजीत दुप्पट खोबरं पडतं, तूप वाहतं, आणि वर बिल घेत नाहीत. त्यानंतर न सांगता जाऊन उपयोग नाही, कारण चेहरे कळलेले असतात.

पहिली भेट न सांगता. दोघेच जा, गिऱ्हाइकासारखे, गर्दीच्या वेळी. अर्धी भाजी मागवा, पैसे द्या, बिल ठेवा. समितीतले सगळे शहरात ओळखीचे असतील (जळगावात दुसऱ्या चहाला सगळे ओळखीचे होतात) तर कॉलेजातल्या पुतण्याला पार्सल आणायला पाठवा. पार्सल आणताना रस्सा आणि शेव वेगळी मागायची. भाकरी, पोळी तिथूनच, कारण तीही परीक्षेत आहे.

शक्य असेल तर ही न सांगितलेली भेट दोनदा करा, वेगळ्या वारी. मंगळवारची आणि रविवारची भाजी एकाच हाताची लागली तर अर्धी लढाई जिंकलात.

दुसरी भेट सांगून, आणि ती जेवायला नाही. भट्टी, पाणी, माणसं आणि मोठं पातेलं बघायला. ती टप्पा ९ मध्ये.

थांबा: पहिल्या भेटीत फुकट काहीही घेऊ नका. 'ताई, तुमच्याकडून पैसे घेऊ का?' असं कुणी म्हणालं की ओळख पटली आहे असं समजा आणि त्या भेटीचे गुण बाद करा.

६. एकाच पदार्थासाठी डब्यांची चाखणी

एकच पदार्थ तीन-चार ठिकाणचा असेल तर हॉटेलाहॉटेलांत फिरून तुलना होत नाही. वाढणाऱ्याचा चेहरा, पंखा, भूक, वाट बघणं, सगळं चवीत मिसळतं. त्यापेक्षा सगळी पार्सलं एका घरी आणा. आकाशवाणी चौक, अजिंठा चौफुली, फुले मार्केटचा परिसर, कुठूनही अर्ध्या तासात घरी पोहोचता येतं.

पार्सल उघडणारा माणूस चाखणाऱ्यांपैकी नको. त्याने आतल्या खोलीत रस्से एकसारख्या डब्यांत काढायचे, सगळे सारखेच गरम करायचे आणि डब्यांवर तीन अंकी आकडे टाकायचे: ४१७, ८३२, २६५ असे. 'अ, ब, क' लिहू नका, 'अ' ला उगाच मान मिळतो. पहिल्या डब्याला भुकेपोटी जास्त गुण पडतात, म्हणून प्रत्येकाने वेगळ्या डब्यापासून सुरुवात करायची.

७. दिवसाचा क्रम: सौम्य आधी, तिखट शेवटी

मिरचीतलं जळजळणारं द्रव्य पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळतं. म्हणून तिखट लागल्यावर तांब्याभर पाणी प्यायलं की आग तोंडभर पसरते. एकामागून एक तिखट घास घेत गेलात तर जळजळ चढत जाते आणि शेवटच्या भाजीला बिचारीला तिच्या आधीच्या तिघींचं तिखट भोगावं लागतं.

क्रम असा लावा. आधी वरण-बट्टी, फुणके-कढी (फुणके म्हणजे वाटलेल्या डाळीचे वाफवलेले गोळे), मांडे असे सौम्य पदार्थ. मग भरीत, दाल गंडोरी (हिरव्या मिरचीची डाळ). मग रस्से: डुबुकवड्या आणि पातोडी (दोन्ही रश्शातल्या बेसनाच्या वड्या), शेवभाजी. काळ्या मसाल्याचं मटण सगळ्यात शेवटी, आणि त्याचे चमचे, डबे पहिल्यापासून वेगळे. समितीत कुणी शाकाहारी असेल तर हे सांगायची वेळ येऊ देऊ नका.

मांडे गोड, मग ते आधी कसे, असं विचाराल. पुरणाची गोडी तिखटानंतर कळत नाही, म्हणून. पण मांड्यांनंतर दहा मिनिटं थांबा आणि भाकरीचा कोरडा तुकडा खा. दोन तिखट पदार्थांमध्ये दोन चमचे दही, कोरडी भाकरी, पाच-सात मिनिटं. केळं खाऊ नका. आपल्याकडे ते घरातच पडलेलं असतं, पण त्याची गोडी जिभेवर बसते आणि पुढची भाजी कडू लागते.

एका बैठकीत तिखट रस्से चारच. पाचवा दुसऱ्या दिवशी.

तपासा: पहिला डबा शेवटी परत एकदा चाखा. दोन्ही वेळच्या गुणांत मोठा फरक पडला तर तुमची जीभ थकली आहे. मधले सगळे आकडे संशयित.

८. घास घेतानाचा शिस्तीचा भाग, आणि पदार्थागणिक खाचाखोचा

आधी बघा, मग वास, मग घास. लगेच लिहा. सगळ्यांचं लिहून होईपर्यंत कुणीही बोलायचं नाही. 'वाह!' सुद्धा नाही. वडीलधाऱ्या माणसाने मान डोलावली की उरलेल्या चौघांचे गुण दोनाने वाढतात, हे मी प्रत्येक समितीत पाहिलं आहे. मग उरलेला पदार्थ द्रोणात काढून वीस मिनिटं बाजूला ठेवायचा आणि परत चाखायचा. महोत्सवात लोक द्रोण घेऊन नातेवाईक शोधत फिरतात. त्यांच्या तोंडात पडतो तो हा दुसरा घास.

शेवभाजी. आधी चमच्याने वरची तर्री बाजूला सारा आणि खालचा रस्सा चाखा. तर्री खूप काही लपवते. खालच्या रश्शात मसाला कच्चा असेल तर घशात ठसका बसतो. खोबरं किंवा लसूण करपला असेल तर शेवटी कडवट चव मागे राहते. मग तर्रीसकट चाखा. तेल जुनं असेल तर वास आधी सांगतो.

शेव वेगळी तोडून बघा. बेसनाची, जाड, ओव्याची चव असलेली, आतपर्यंत तळलेली हवी. ती रश्शात टाका आणि घड्याळ लावा. चांगली जाड शेव दहा मिनिटं तरी आकार धरून ठेवते, असा माझा अनुभव. बारीक शेव दोन मिनिटांत पिठलं होते. आता हॉटेलवाल्याला विचारायचा प्रश्न: स्टॉलवर शेव कधी टाकणार? 'पातेल्यातच' असं उत्तर आलं तर कितीही चवदार भाजी असली तरी सही करू नका. शेव द्रोणात, रस्सा वरून, तेही गिऱ्हाइकासमोर. ही अट लेखी घ्या.

भरीत. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. मोठं, फिकट हिरवं, गराने भरलेलं वांगं. हॉटेलात तेच वापरतात की बाजारात मिळेल ते, हे न भाजलेलं वांगं मागून बघा. बियांनी भरलेलं, जून वांगं कुटल्यावर दाताखाली कचकचतं आणि कडवट लागतं.

कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्याचा धूर गरात मुरलेला असतो. गॅसवर भाजून वरून कोळशाची धुरी दिली तर पहिल्या वासाला फसाल, पण वीस मिनिटांनी द्रोणात धूर उरत नाही. म्हणून तो दुसरा घास. त्याच वेळी द्रोणाच्या तळाशी पाणी सुटलं का बघा. पाणी सुटलं तर भाजल्यावर वांगं निथळवलेलं नाही, किंवा बडगीत (कुटायच्या लाकडी भांड्यात) न कुटता मिक्सरला लावलं आहे. मिक्सरच्या भरिताला धागा नसतो, चटणीसारखं एकजीव दिसतं. कांद्याची पात, दाणे, हिरवी मिरची, लसूण डोळ्यांना वेगवेगळे दिसले पाहिजेत.

सोबतच्या कळण्याच्या भाकरीची परीक्षा वेगळी. ज्वारी आणि अख्खे उडीद एकत्र दळलेलं पीठ असतं. भाकरी गरम असताना कोणाचीही छान लागते. वीस मिनिटांनी मोडून बघा. कडक होऊन तुटत असेल तर स्टॉलवर भाकरी थापणारी बाई उभी हवी, नाहीतर पुऱ्या ठेवा. पुरीला कमीपणा नाही, भरीत-पुरीच्या पार्ट्या सगळा हिवाळाभर होतातच.

मैदानावर जाळाला परवानगी नसेल तर वांगी बाहेर भाजून आणायची. चालतं, पण त्याच दिवशीची. आदल्या रात्री भाजून फ्रिजात ठेवलेला गर काळसर पडतो.

वरण-बट्टी. बट्टी मधोमध फोडा. आत पिठाची कच्ची रेघ दिसली तर वाफवणं अपुरं झालं आहे, वरून कितीही खमंग तळली तरी पोटात जड बसणार. मग बोटांनी दाबा; तेल सुटलं तर तेल नीट तापलेलं नव्हतं. भरडा दळलेला गहू आणि थोडा मका असला की बट्टी खुसखुशीत फुटते. मैद्यासारख्या बारीक कणकेची बट्टी चिवट होते. वरण इतकं दाट हवं की कुस्करलेल्या बट्टीत मुरेल आणि तरी पीठ होणार नाही.

स्टॉलसाठी मला हा पदार्थ सगळ्यात भरवशाचा वाटतो. वाफवून कापलेल्या बट्ट्या तयार ठेवता येतात, मागणीप्रमाणे तळता येतात. तूप मात्र मोजून घ्या. न सांगितलेल्या भेटीत किती पडलं ते लिहून ठेवा, सांगून गेलात की दुप्पट पडतं.

मांडे, म्हणजे खापरावरची पुरणपोळी. इथे चव दुय्यम, हात मुख्य. बहुतेक ठिकाणी हे एकाच मावशींच्या हातचं असतं आणि त्या हॉटेलाच्या नोकरीतही नसतात, ऑर्डर असली की बोलावतात. त्यामुळे एक मांडा चाखून काही ठरवू नका. सलग दहा करायला सांगा, घड्याळ लावा, आणि पहिला व दहावा शेजारी ठेवा. दहाव्याची कड जाड झाली किंवा मधे पुरण फाटलं, तर तासाला किती निघतील हे प्रामाणिकपणे कमी धरा. दोन तासांनी मावशींचे हात थकतात, त्यांच्या जोडीला कोण आहे ते विचारा. उघड्या मैदानावर वारा जाळ एका बाजूला झुकवतो आणि खापर सारखं तापत नाही. मावशींना भिंतीकडेचा स्टॉल द्या. हे महोत्सवाच्या आदल्या दिवशी सुचून उपयोग नाही. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमाराचा महोत्सव असेल तर सोबतचा आमरस बर्फात ठेवलेला हवा, बर्फ टाकलेला नको.

फुणके-कढी. फुणका हाताने मोडल्यावर भुगा व्हावा, लगदा नाही. कढी तासभर मंद आचेवर ठेवून बघा, फुटते का. फुटली तर स्टॉलवर थोडी थोडी करावी लागेल. डुबुकवड्या आणि पातोडीचंही तसंच. रश्शात फार वेळ राहिल्या की विरतात. बाकी यांत फार काही बिघडत नाही.

९. सांगून भेट: पातेलं, पाणी, परवाना

इथपर्यंत जे टिकले त्यांनाच फोन करा. सकाळी अकराच्या सुमाराला जा, तयारी चालू असताना. मालक हसून 'कसं शे भाऊ, या या' म्हणेल, चहा येईल. चहा घ्या, नाश्ता नको.

मागणी एकच: पन्नास माणसांची भाजी आमच्यासमोर करा, पैसे आम्ही देतो. (समितीच्या खर्चात हे आधीच धरा. उरलेली भाजी वाया जात नाही, मदतीला आलेली पोरं संपवतात.) वाटीभर भाजीचा मसाला पन्नासपट केला की जमत नाही. मीठ, तिखट, तेल सरळ गुणाकाराने वाढवलं की रस्सा खारट आणि तेलकट होतो, आणि मोठ्या पातेल्यात मसाला खालून करपतो, वरून कच्चा राहतो. ज्याला हे माहीत आहे तो मसाला दोन-तीन घाण्यांत परतून घेतो. तो माणूस तुम्हाला हवा आहे. त्याचं नाव लिहून घ्या आणि विचारा: महोत्सवाच्या दोन्ही दिवशी स्टॉलवर हाच उभा असेल ना? तिथी आहे का त्या दिवशी?

मग स्वयंपाकघर. अन्न परवान्याचा १४ अंकी क्रमांक भिंतीवर दिसला पाहिजे, फोटो काढा. स्टॉलसाठी वेगळी नोंदणी लागते का ते तुमच्या जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात आयोजकांनी एकदाच विचारावं, प्रत्येक हॉटेलवाल्यावर सोडू नये. पिण्याचं पाणी आणि धुण्याचं पाणी वेगळं आहे का? चिरलेल्या कांद्यावर झाकण आहे का? तळणीचं तेल काळं, घट्ट, फेसाळ असेल तर तिथेच थांबा. तेलातली बिघडलेली द्रव्यं २५ टक्क्यांच्या वर गेली की ते तेल वापरायला कायद्याने बंदी आहे, आणि असं तेल बहुधा डोळ्यांना आधीच दिसतं.

थर्मामीटर रश्शात घाला. वाढेपर्यंत रस्सा ६० अंश सेल्सियसच्या वर राहिला पाहिजे. पातेलं जाळावरून उतरवून अर्ध्या तासाने परत मोजा. मैदानावर ते असंच बाजूला ठेवलं जाणार आहे.

थांबा: स्वच्छतेचे गुण चवीच्या गुणांत मिसळू नका. एका वर्षी आम्ही शंभरात दहा गुण स्वच्छतेला ठेवले होते, आणि भयानक मोरी असलेलं एक हॉटेल चवीच्या जोरावर दुसरं आलं. स्वच्छता म्हणजे दार. आत आलात तरच पुढचं.

१०. गुण मांडताना

आम्ही आता असे मांडतो: पहिला घास ३०, वीस मिनिटांनंतरचा घास ३०, पन्नास माणसांच्या पातेल्यातला घास ४०. सरासरीबरोबर पाचांतला सगळ्यात कमी आकडाही शेजारी लिहा. चौघांनी तिसातले सत्तावीस आणि एकाने सहा दिले असतील तर त्या सहावाल्याला आधी बोलू द्या. बहुतेक वेळा तो तिखट कमी खाणारा असतो, आणि बहुतेक वेळा त्याचं काहीतरी खरं असतं.

नाही निवडलं त्यांना महिनाभर ताटकळत ठेवू नका. फोन करा आणि कारण सांगा: 'भरिताला पाणी सुटत होतं', 'शेव लवकर मऊ पडते'. 'यावेळी जागा नव्हती' हे खोटं कारण गावात दोन दिवसांत उघडं पडतं, आणि पुढच्या वर्षी तो माणूस दार उघडत नाही.

निवडलेल्यांकडून एका कागदावर घ्या: पदार्थ, द्रोणातलं वजन, भाव, आचाऱ्याचं नाव, शेव किंवा तूप कधी घालणार, भाकरी की पुरी. पसंत पडलेल्या द्रोणाचा फोटो त्याच कागदाला जोडा.

११. महोत्सवाच्या संध्याकाळी

पाचांपैकी दोघांनी साडेपाचला मैदानावर असायचं, उद्घाटनाच्या हारतुऱ्यांत नाही. प्रत्येक स्टॉलवर एक द्रोण विकत घ्यायचा, फोटोशी ताडून बघायचा, वजन करायचं. फरक दिसला तर मालकाला बाजूला घेऊन तेव्हाच सांगा, गिऱ्हाइकांसमोर नको. मीठ कमी-जास्त, शेव पातेल्यात पडलेली, रस्सा कोमट, एवढं अर्ध्या तासात दुरुस्त होतं.

दुसरी फेरी रात्री नऊला, गर्दी ऐन भरात असताना. तेव्हा कुणाला सांगून काही बदलत नाही, कारण सगळ्यांचे हात भरलेले असतात. फक्त लिहून घ्या आणि स्टॉलांमागचे कचऱ्याचे डबे बघत चाला. कोणत्या स्टॉलचे द्रोण चाटूनपुसून रिकामे आहेत आणि कोणाचे अर्धे भरलेले, ते पुढच्या वर्षीच्या चाखणीच्या कागदावर पहिल्या ओळीत जाईल.

घरी जाताना दही घ्यायला विसरू नका.